टर्बोची फुशारकी आणि रस्त्याचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या पायाशी एक लोखंडी वस्तू ठेवलेली असते. दिसायला ती मोठ्या गोगलगायीसारखी आहे. नवा पाहुणा आला की ठेचकाळतो आणि विचारतो, "हे काय ठेवलंय?" त्यावर वडिलांचे उत्तर ठरलेले असते, "टर्बो. ट्रकचा. मेलेला."

माझे वडील महामार्गावरच्या एका गॅरेजात ट्रक दुरुस्त करतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि तोही कला शाखेचा. तेव्हा यंत्राविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारले तर मजजवळ उत्तर नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. तिने मला एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जपानपर्यंत जाऊन आलो, अर्थात पुस्तकांतून आणि मोबाईलवरून. ती गोष्ट पुढे ओघाने येईलच. आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू.

वाया जाणारा धूर

इंजिन म्हणजे एक प्रकारची चूलच. चुलीला सरपण लागते तशी हवाही लागते. सरपण कितीही कोंबले आणि हवा मिळाली नाही, तर नुसता धूर होतो. मोटारीच्या इंजिनात एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणून जास्त शक्ती हवी असेल तर पेट्रोल वाढवून भागत नाही, हवा वाढवावी लागते. त्यासाठी एक तर इंजिन मोठे करावे, किंवा आहे त्याच इंजिनात हवा दाबून भरावी.

हवा दाबून भरायची तर पंखा हवा, आणि पंखा फिरवायला शक्ती हवी. ती कोठून आणायची? येथेच खरी अक्कल आहे. इंधनातल्या शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे गरम धूर होऊन निघून जातो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या धुराला कामाला लावण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र. धूर पहिल्या चक्राला फिरवतो, दुसरे चक्र आपोआप फिरते आणि ताजी हवा इंजिनात कोंबते. आमच्या दाराशी असलेल्या गोगलगायीच्या पोटात हीच दोन चक्रे आहेत. चालू गाडीत ती मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात.

ही कल्पना व्यवहारात उतरायला वीसेक वर्षे लागली. प्रथम ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत रुळली. विमानांनाही तिची गरज होती, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. पुढे ट्रक आले. घाट चढणाऱ्या ओझ्याच्या गाडीला टर्बो हे वरदानच ठरले. म्हणजे मूळचा टर्बो हा कष्टकऱ्यांचा सोबती. शर्यतीशी त्याचा संबंध नव्हता.

लहान मोटारीत टर्बो १९६२ मध्ये अमेरिकेत आला. ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या त्या दोन गाड्या. परंतु टर्बोने मिरवायचे कसे, हे १९७३ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बो या गाडीने दाखवले. तिच्या पुढच्या पट्टीवर 'टर्बो' हा शब्द उलट्या अक्षरांत रंगवता येत असे. उलटा अशासाठी, की पुढे चाललेल्या मोटारवाल्याने आरशात पाहिले की त्याला तो सुलट दिसावा आणि त्याने मुकाट्याने बाजूला व्हावे! त्याच वर्षी जगात तेलाची टंचाई आली. लोक पेट्रोलच्या थेंबाथेंबाला मोताद असताना ही अक्षरे अनेकांच्या डोळ्यांत खुपली, आणि गाडीवर टीका झाली. अशा सोळाशेहून थोड्या अधिकच गाड्या निघाल्या. गाड्या संपल्या, पण त्या उलट्या अक्षरांमागची वृत्ती संपली नाही. 'मी येतो आहे, सरक' हे वाक्य तेव्हापासून टर्बोला चिकटले.

हवा वाढवण्याचा खटका

फुशारकी पूर्वीही होती. आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती आहेत आणि तेथे मिशीला पीळ देणारे कमी नाहीत. पण बैल जोपासायला वर्षे लागतात. साध्या इंजिनाची शक्ती वाढवायलाही पूर्वी कसबी हात लागत. टर्बोने हे सोपे केले. हवेचा दाब वाढवला की शक्ती वाढते. टर्बोचा दाब, ज्याला सर्वजण 'बूस्ट' म्हणतात, तो वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे सुमारे एक किलोने वाढवला, तर इंजिनात जवळजवळ दुप्पट हवा जाते.

हा दाब बेसुमार वाढू नये म्हणून टर्बोला 'वेस्टगेट' नावाचे झाकण असते. ठरलेल्या दाबाला ते उघडते आणि जादा धूर चक्राला न शिवता निघून जातो. कुकरच्या शिट्टीसारखेच म्हणा ना. शौकीन लोक या झाकणालाच फसवतात. ते उशिरा उघडेल अशी तजवीज केली की बूस्ट वाढतो. काही जण तर त्याचे बटण चालकाच्या हाताशी बसवून घेतात. म्हणजे बैल खाऊ घालून वाढवायला नको, बटण पिळले की झाले. फुशारकीला जो आकडा लागतो, तो टर्बोमुळे विकत मिळू लागला.

हे सगळ्यांत ठळकपणे घडले ते जपानात. तेथे १९७३ मध्ये एचकेएस ही कंपनी निघाली आणि तिने लवकरच साध्या गाडीवर बसवण्याचे टर्बोचे संच विकायला आणले. कारखान्यातूनच टर्बो घेऊन बाहेर पडलेली पहिली जपानी मोटार १९७९ सालची, निसानची सेड्रिक. त्यानंतर दहा वर्षांत टर्बो घरोघर पोचला. १९८९ मध्ये निसानने स्कायलाइन जीटी-आर ही गाडी काढली. २५६८ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, त्याला दोन टर्बो, आणि चारही चाकांना गती. जपानच्या मोटार-शर्यतींत १९९० ते १९९३ या चार वर्षांत ती आपल्या गटातल्या २९ शर्यतींत उतरली आणि सर्वच्या सर्व २९ तिने जिंकल्या.

येथे एक गमतीची हकिकत आहे. रस्त्यावरच्या मृत्यूंमुळे जपानी सरकार आणि कारखानदार चिंतेत होते. १९७० मध्ये तेथे १६,७६५ माणसे वाहन-अपघातांत दगावली होती. म्हणून कारखानदारांनी आपसांत एक अलिखित करार केला, की कोणत्याही मोटारीची शक्ती २८० अश्वशक्तीच्या वर सांगायची नाही. गाड्या ताशी १८० किलोमीटरला अडतील अशी व्यवस्थाही असे. हा करार १९८९ पासून २००४ पर्यंत चालला. आता गंमत पाहा. कारखाने कागदावर २८० लिहीत, पण काही इंजिनांची धमक त्याहून बरीच अधिक असे. म्हणजे कारखानदार खरी शक्ती लपवीत, आणि तीच गाडी विकत घेणारा तरुण ती दुप्पट करून गावभर सांगत फिरे. एकीकडे विनय तर दुसरीकडे बढाई, आणि दोन्हींतला आकडा खरा नव्हे!

तोकियोची रात्र

तोकियो शहराच्या मधोमध 'शुतो' नावाच्या उंच द्रुतमार्गाचे जाळे आहे. १९६४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास त्याचे पहिले भाग घाईने बांधले गेले. जागा नव्हती म्हणून कालव्यांवर, नद्यांवर आणि इमारतींच्या फटींतून ते नेले. त्यामुळे वळणे अरुंद आणि अचानक येतात. त्यातला 'सी-वन' हा वर्तुळाकार मार्ग सुमारे १५ किलोमीटरचा. तेथे रात्री गोल गोल शर्यती लावणाऱ्यांना लोक 'रूलेट टोळी' म्हणू लागले. जुगाराच्या चाकावर गोटी फिरते, तसे हे फिरतात म्हणून.

दुसरा मार्ग समुद्रकाठचा, 'वानगान' नावाचा. तो रुंद आणि लांबच लांब सरळ. येथे वळणाचे कसब नको, नुसता वेग हवा. बढाईचे खरे माहेर हेच. योकोहामाजवळ दाइकोकू येथे वाहने थांबवण्याचा मोठा तळ आहे. रात्री तेथे गाड्या जमत, बॉनेट उघडली जात, टर्बो दाखवले जात. कोणाचा बूस्ट किती, कोणाची अश्वशक्ती किती, कोण तीनशेला पोचला, याच्या बाता चालत. 'मिडनाइट क्लब' नावाची एक टोळी यात सर्वांत नाव कमावून होती. ती १९९९ मध्ये एका मोठ्या अपघातानंतर मोडली असे सांगतात. तिच्या पराक्रमांच्या कथा आजही चघळल्या जातात. त्या अपघातात जे सापडले त्यांचे काय झाले, याच्या कथा मात्र कोणी रंगवून सांगत नाही.

या मंडळींतल्या बढाईचा कळस म्हणावा असा प्रकार १९९८ मध्ये घडला, तोही जपानात नव्हे तर इंग्लंडात. काझुहिको नागाता हे तोकियोकडचे नामांकित गाडी-कारागीर. त्यांनी आपली टर्बो मोटार इंग्लंडला नेली आणि ए-वन या सार्वजनिक महामार्गावर ताशी सुमारे ३१७ किलोमीटरचा वेग गाठला. त्याचे चित्रीकरणही केले. पोलिसांनी पकडले, दंड केला, काही दिवस गाडी चालवायला बंदी घातली. त्या चित्रफितीमुळे त्यांचे नाव जगभर झाले. शिक्षाच जाहिरात ठरली.

यात एक गोष्ट मला विशेष वाटते. गाडी एकट्याने पळवता येते, पण फुशारकी एकट्याने मारता येत नाही. तिला बघणारा लागतो, ऐकणारा लागतो. दाइकोकूचा तळ नसता तर वानगानच्या शर्यती निम्म्याने कमी झाल्या असत्या, असे मला वाटते.

हवा वाढली, बाकीचे?

आता कारागिरीकडे वळू, कारण तिचा आदर केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. बूस्ट वाढवला की संकटांची रांगच लागते. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. म्हणून तिला थंड करायला पुढे जाळी लावतात, तिला इंटरकूलर म्हणतात. हवा वाढली म्हणून पेट्रोल वाढवायला मोठे इंजेक्टर बसवावे लागतात. कमी पडले तर इंजिनात मिश्रण वेळेआधीच भडकते, आणि पिस्टनला घणाचे घाव बसावे तसे बसतात. मग पिस्टन वितळतो किंवा फुटतो. म्हणून घडीव पिस्टन हवेत. जास्त दाबाने इंजिनाच्या दोन भागांमधले गॅस्केट फाटते, म्हणून तेही धातूचे हवे. जीटी-आरच्या मूळच्या टर्बोतली धुराकडची चक्रे तर चिनी मातीच्या जातीची होती. हलकी म्हणून चटकन फिरत, पण बूस्ट फार वाढवला की फुटत. कारखान्याने ज्या दाबासाठी केली, तो दाब त्यांना ठाऊक होता. मालकाला नव्हता.

आणखी एक. लांब पल्ला मारून आल्याबरोबर गाडी बंद केली तर टर्बोला जाणारे तेल थांबते आणि आतल्या आत करपते. आमचे वडील घाट चढून आलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगतात, "दोन मिनिटं चालू ठेव, तिला दम खाऊ दे." जपानी शौकिनांनी यासाठी एक घड्याळ काढले. किल्ली काढून घेतली तरी इंजिन थोडा वेळ आपले आपण चालते आणि मग बंद होते. पुढे तेही मिरवण्याची वस्तू झाले. मालक किल्ली बोटावर फिरवीत चालला आहे आणि मागे गाडी एकटीच गुरगुरते आहे! जे माझ्या वडिलांच्या तोंडी साधे शहाणपण, ते तेथे शानीचे लक्षण.

माझी एक रात्र

आता ती गोष्ट. माझा मावसभाऊ तालुक्याच्या गावी गॅरेजात काम करतो. त्याला मी दादा म्हणतो. त्याच्या हातात जादू आहे. अलीकडच्या डिझेल मोटारींत टर्बो असतोच, आणि त्याचा दाब संगणक ठरवतो. त्या संगणकाचा हिशेब बदलून गाडीची ताकद वाढवून देण्याचा धंदा आता आपल्याकडेही चालतो. दादाने ते शिकून घेतले होते. त्याच्या एका मित्राने आपल्या गाडीवर हा प्रयोग करून घेतला, सायलेन्सर बदलला, आणि एका रात्री आम्हांला चौपदरी रस्त्यावर फिरवायला नेले.

मी मागे बसलो होतो. माझ्याकडे काम एकच होते, वेगाचा काटा पाहून आकडे ओरडायचे. एकशे दहा. एकशे तीस. एकशे चाळीस. प्रत्येक आकड्याला पुढचे दोघे हसत आणि गाडी आणखी पुढे झेपावे. खोटे कशाला सांगू, मला फार मजा वाटत होती. हॉस्टेलवर जाऊन कोणाकोणाला सांगायचे, याची यादीही मनात तयार होती. मी "एकशे पन्नास" म्हणालो, आणि दिव्यांच्या उजेडात एक बैलगाडी उभी राहिली.

हंगाम उसाचा होता. कारखान्यावर ऊस रिकामा करून परत चाललेली ती गाडी. मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही. ब्रेक करकचून लागले, गाडी तिरकी झाली, बैलगाडीच्या चाकाला घासून पुढे गेली, आणि उजव्या अंगाच्या बैलाला तिचा मागचा भाग लागला. आम्हां कोणाला खरचटलेही नाही. गाडीवान उडी टाकून वाचला. बैलाचा मागचा पाय मोडला.

गाडीवान पलीकडच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेला होता. त्याने आम्हांला शिवी दिली नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला आणि माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "दिसलं न्हाई का, दादा?"

मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या माणसाचा हंगामाच्या मध्यात बैल गेला म्हणजे काय होते, हे ग्रामीण भागातून आलेल्या वाचकांना सांगायला नको. पुढे दादाच्या मित्राच्या वडिलांनी मध्यस्थ घालून पैसे दिले आणि प्रकरण मिटले. किती दिले ते मला कळले नाही. तो बैल पुन्हा जुवाखाली आला नाही, एवढे कळले.

"दिसलं न्हाई का?" याचे उत्तर

खरोखर दिसले नव्हते. का दिसले नाही, हे मी नंतर कागदावर मांडून पाहिले. गणित शाळेतलेच आहे.

ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या. डोळ्याने पाहिले, मेंदूने ओळखले आणि पाय ब्रेकवर गेला, यात सुमारे एक सेकंद जातो. तोवर ४२ मीटर सरले. मग ब्रेक. चांगला कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले तरी त्या वेगातून गाडी थांबायला आणखी ११० मीटर लागतात. एकूण दीडशे मीटर. आणि खाली वळवलेल्या दिव्यांचा उजेड पडतो पन्नास-साठ मीटरपर्यंत. म्हणजे बैलगाडी दिसली त्या क्षणीच सारे ठरून गेले होते. पुढे बसलेला जगातला सर्वांत पटाईत चालक असता, तरी गाडी बैलगाडीच्या अलीकडे थांबली नसती.

ताशी ५० ला हेच गणित केले तर एकूण २६ मीटर येतात. वेग तिप्पट झाला, पण ब्रेकचे अंतर नऊपट झाले. कारण धावत्या वस्तूतली शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. नागाता यांच्या ताशी ३१७ ला गाडी सेकंदाला ८८ मीटर तोडते. थांबायला अर्ध्या किलोमीटरहून अधिक रस्ता मोकळा लागतो. सार्वजनिक रस्ता एवढा मोकळा आहे, हे कोणाच्या भरवशावर धरायचे?

उलट बाजूचे गणितही पाहण्यासारखे आहे. वेग वाढवताना हवेचा विरोध असा वाढतो, की दुप्पट वेगाला आठपट शक्ती लागते. २८० अश्वशक्तीची गाडी अडथळा काढून टाकल्यावर २५० पर्यंत गेली असे धरले, तर तिला ३०० ला न्यायला ४८० च्या आसपास अश्वशक्ती हवी. म्हणून वानगानवर पाचशे-सहाशेच्या बाता होत्या. शक्ती मिळाली, कारण टर्बोला हवा मिळाली. पण माणसाचा डोळा, त्याचा एक सेकंद आणि समोरच्याचा दिवा यांना टर्बो बसत नाही.

ही गोष्ट घरी कळली तेव्हा वडील दादाला एकच वाक्य बोलले, "हवा वाढीवलीस लेका, ब्रेक वाढीवला का?" मी वर दोन पाने लिहून जे सांगितले, ते त्यांनी सहा शब्दांत सांगितले.

कायदा आणि मैदान

जपानने यावर काय केले? टोळ्या करून रस्ता अडवणाऱ्यांविरुद्ध १९७८ मध्ये कायदा कडक केला. त्यानंतर कॅमेरे आले, दाइकोकूचा तळ रात्री बंद ठेवला जाऊ लागला. २००१ मध्ये बेफाम गाडी चालवून जीव घेणे हा स्वतंत्र आणि जबर शिक्षेचा गुन्हा ठरला. पण एवढ्याने झाले नाही. ज्यांना खरी कारागिरी करायची होती त्यांना मैदान मिळाले. त्सुकुबा येथे १९७० पासून सुमारे दोन किलोमीटरची शर्यतीची धावपट्टी आहे. तेथे एकेक गाडी घड्याळ लावून पळवतात. घड्याळापुढे बढाई चालत नाही. आणि तेथे समोरून बैलगाडी येत नाही.

आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीची मूळ रचना परवानगीवाचून बदलता येत नाही. १८९ व्या कलमाप्रमाणे रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, आणि सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतील शंभरांत सुमारे ७१ मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. शर्यतीची मैदाने आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतकी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरजवळ एक, दिल्लीजवळ एक, अशी. तालुक्याच्या गावच्या गॅरेजातल्या पोराला ती चंद्राइतकी दूर. दादासारख्या हातांना काम द्यायचे कोणी, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. तो प्रश्न मला सुटलेला नाही.

दादाने तो धंदा आता सोडला आहे. तो माझ्या वडिलांच्या हाताखाली ट्रकचे टर्बो उघडतो. परवा त्याने एक करपलेला दांडा मला दाखवला आणि म्हणाला, "हा माणूस उतरल्या उतरल्या गाडी बंद करीत असणार." दांड्यावरून चालकाचा स्वभाव सांगणारा हा माणूस कोणत्याही मैदानावर शोभला असता.

शेवटी माझ्याविषयी. गाडी माझी नव्हती, हिशेब मी बदलला नव्हता, ब्रेकवर पाय माझा नव्हता. प्रकरण मिटले तेव्हा मला कोणी बोलावलेही नाही. परंतु आकडे मी ओरडत होतो. मागच्या बाकावर मी गप्प बसलो असतो, तर काटा एकशे दहालाच राहिला असता, असे मला अजून वाटते. म्हणून मित्रहो, पुढल्या खेपेला कोणी आपल्या गाडीचा आकडा सांगू लागला, तर "अरे वा" म्हणण्याआधी त्याला विचारा, की थांबायला किती मीटर लागतात? हा प्रश्न त्या रात्री मी विचारायला हवा होता. मला तेव्हा फक्त आकडे वाचता येत होते.